संध्याकाळी पाणी घालू नकोस

हार्लन,

मी कामावर जातेय. मीटलोफ फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा.

लॉनवरचे तपकिरी डाग बुरशीचे आहेत. तू म्हणतोस तसं गवत उपाशी नाहीये. या जुलैच्या उकाड्यात खत घातलंस तर बुरशीच माजेल, म्हणून पोतं मी कुलपात ठेवलंय. खत सप्टेंबरात. आत्ताच औषध फवारलंय, वाळेपर्यंत अनवाणी फिरू नकोस.

आणि संध्याकाळी पाणी अजिबात नको, गवत रात्रभर ओलं राहतं. पहाटे मी घालीन.

आपल्या लेकाला, क्लेटनला, सैन्याच्या छावणीत सोडून आल्यापासून तू रोज तासभर नळी धरून का उभा राहतोस, ते मला खिडकीतून कळतं, शहाण्या. आज नळी न घेताच उभा राहा. सहाला मी येते, तुझ्या शेजारी उभी राहते.

लोरीन