चंद्रावर राहिलेला माणूस

तामलवाडी,
मार्गशीर्ष वद्य द्वादशी, शके १८६६

पाशामियाँ यांस अंबादासचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारुतीची पूजा आटोपून बाहेर आलो, उगवत्या सूर्याला अर्घ्य दिलं आणि मग पाठ फिरवून मावळत्या चंद्राला हात जोडले. का जोडले ते पुढं सांगतो. धुरपदाबाई पाण्याला निघाली होती. ती म्हणाली, "सूर्य तिकडं अन् पुजारी पश्चिमेला! पाशामियाँची संगत लई झाली म्हणायची."

इकडं सर्व कुशल. ज्वारी निसवली आहे. भाभींचे गुडघे कसे आहेत? नळदुर्गात थंडी जास्त, त्यांना जपा. तुमचं शिवणयंत्र चालू असेलच.

तुम्ही पाठवलेली तिलिस्माची कादंबरी वाचली. जादूगार फार झाले. एक मेला की दोन उभे. तरी हातातून सोडवली नाही. मी सोलापूरहून भुताची एक आणली आहे. हद्दीवरच्या जकात नाक्यावर कारकुनानं विचारलं, "यात काय आहे?" म्हटलं, "भूत." तर म्हणतो, "भुतावर करोडगिरी न्हाय, जावा." पण तुम्हाला ती आवडणार नाही. शेवटी चादर पांघरलेला चुलता निघतो. मागच्या वेळी तुम्ही असल्याच शेवटावर चिडून लिहिलं होतं, "तीनशे पानं घाबरलो ते चुलत्याला?" मी तेव्हा भांडलो. आता वाटतं, तुमचंच बरोबर. भूत असेल तर असू द्यावं.

हे सगळं लिहितोय ते मुख्य गोष्ट लांबवायला.

नऊ वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः लिहीत असलेल्या कादंबरीची वही मला पाठवली होती. लोखंडी हंड्यात बसून चंद्रावर गेलेला माणूस. अर्धीच होती, मत विचारलं होतं. मी लिहिलं, "जिथं पाणी नाही तिथं देव तरी कशाला जाईल? पोरखेळ आहे." तुम्ही कळवलं, "वही परत द्या, चुलीत घालतो." आणि मी कळवलं की वाळवीनं खाल्ली.

वाळवीनं खाल्ली नाही. पोथीच्या पेटीत, पोथीखाली आहे. तुम्ही जाळाल म्हणून खोटं बोललो. नंतर दरवर्षी वाचत राहिलो आणि खरं सांगायची लाज वाढत गेली. पोथी वाचणाऱ्या माणसाला तुमचं एक पान पोथीसारखं पाठ व्हावं, हे मला कबूल करवत नव्हतं.

ते पान म्हणजे, तो नमाजाला उभा राहतो ते. वजूला, हात-तोंड धुवायला, पाणी नाही, म्हणून तो तिथल्या मातीवर हात टेकवून तोंडावरून फिरवतो. मग तोंड कुठं करायचं ते त्याला कळेना. आभाळात पृथ्वी दिसते. मक्का तिथंच, आपलं गावही तिथंच, म्हणून तो तिच्याकडं तोंड करतो. त्या सकाळी चंद्र दिसला आणि वाटलं, तो तिथून बघतोय. इकडून कुणी तरी हात जोडावेत.

धुरपदाबाईला हे सांगितलं तर ती हटून बसली, "मग वाचा की आमाला." रोज दिवेलागणीला पारावर, पोथीनंतर, तुमची उर्दू वाचून मराठीत सांगत गेलो. आठ दिवस लागले. ईरण्णा तेली म्हणाला, "तिथं बैलाला वैरण कुठली?" हरिबा त्याच्यावर ओरडला, "माणूस अडकलाय अन् तुला बैल सुचतोय!" वही संपली तेव्हा धुरपदाबाईनं विचारलं, "त्यो माघारी आला का न्हाय?"

नऊ वर्षं तो तिथंच उभा आहे, माझ्यामुळं.

त्या दिवसापासून कुणी ना कुणी विचारतंच. वही देऊन टाकली तर तुम्ही जाळाल, ही भीती अजून आहे. पण ठेवून घेतली तर तो कधीच परतायचा नाही.

आज सकाळी पोथीच्याच फडक्यात ती बांधली आणि नळदुर्गला निघालेल्या हरिबाच्या गाडीत ठेवली; हे पत्र मागून टपालानं. मागची चाळीस पानं कोरी आहेत. गाडी आत्ताच वेशीबाहेर गेली.

तुमचा खोटारडा वाचक,
अंबादास