बाबांच्या पिशवीतलं बी

प्रिय ढब्बू,

लिहायला बसते आणि उठते, असं सकाळपासून चाललंय. गॅस बंद केलाय का, तेही पुन्हा पाहून आले. बाबा पायरीवर बसलेत, बूट घालून. दव वाळेपर्यंत शेतात पाय टाकायचा नाही असं मी बजावलंय, तर माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांची सावत्र आई!

राजम्यावर करपा आलाय रे. आधी पानांवर तेलकट ठिपके, मग कडेने पिवळं, मग पान वाळून चुरा. मी म्हटलं पाणी कमी पडलं, बाबा म्हणाले जास्त झालं. शेवटी कृषी अधिकारी बाई आल्या. शेंगेवरचा ओलसर डाग दाखवून म्हणाल्या, हा जिवाणूंचा करपा, घरच्या बियातूनच आलाय. फवारणीने फार तर आवरेल, बरा नाही व्हायचा. आणि ओल्या पिकात फिरू नका, एका झाडाचा रोग हाताने दुसऱ्याला लागतो. आता आपले बाबा! रोज उजाडताच दवात शिरून एकेक पान उलटून बघणारे. रोग शोधायला फिरायचे आणि ओळीओळीने तोच वाटत जायचे. हे ऐकल्यावर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मला इतकं भरून आलं की कुणाला हवाय का न विचारताच मी चहा टाकला.

झाडं उपटायला ते तयार झाले, अर्धी उपटून झालीही, पुढची दोन-तीन वर्षं तिथे मका लावायलाही. बियावर मात्र अडून बसले. आई असताना दोघं खिडकीशी ताट घेऊन दाणे निवडायची, डागाळलेला दिसला की बाजूला. ती गेली तरी बी तिच्याच निवडीतलं. पण करपा चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही दडतो, त्याला ती दोघं तरी काय करणार?

आता मुद्द्याचं. परवा बाबा तुझ्याकडे निघतायत, तेच बी घेऊन. तुझ्या नव्या शेतात ते सुधारेल म्हणे. समजावून समजावून तोंड दुखलं. तुझं सगळं शेत गेलं असतं, ढब्बू! म्हणून काल ते अंघोळीला गेल्यावर मी पिशवी रिकामी केली आणि त्याच रंगाचं प्रमाणित बी भरलं. जुनं उपटलेल्या झाडांबरोबर जाळलं. मूठभरसुद्धा ठेवलं नाही. ठेवलं असतं तर एक दिवस मीच पेरलं असतं. आईच्या हातचं होतं रे ते. मग बाबा आले, पिशवीत हात घातला, बराच वेळ दाणे बोटांतून फिरवत राहिले. दाणा चांगला आहे, एवढंच म्हणाले आणि पिशवीचं तोंड स्वतः बांधलं. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. हे पत्र दूधगाडीवाल्याकडे देतेय, त्यांच्या आधी पोचेल. तू ते बी पेर. आणि ते ‘आपलं बी’ म्हणाले, की हो म्हण.

तुझीच,
ताई