रिव्हॉल्वर की पिस्तूल

४ डिसेंबर १९९५
लायसन्स आलं! चिकपेटच्या बाजारात आमच्या दुकानाशेजारचं बसवंतअण्णांचं गोदाम फुटलं तेव्हा अर्ज केला होता. दीड वर्ष लागलं. आता साड्यांचा हा होलसेल व्यापारी कुणाला भिणार नाही. पण घाई नाही. पूर्ण अभ्यास करूनच हत्यार घ्यायचं. प्रेमा म्हणाली, कुत्रा पाळला असता तर एव्हाना मोठा झाला असता. बायकोला टेक्निकल विषय कळत नाहीत.

११ डिसेंबर
फुटपाथवर सहा अमेरिकन मासिकं मिळाली. रिव्हॉल्वर: साधी रचना, सहसा अडकत नाही. पिस्तूल: चपटं, गोळ्या जास्त, पण स्प्रिंग थकली की गोळी मध्येच अडकते. हल्ली प्लॅस्टिकच्या बॉडीचंही निघालंय म्हणे. प्लॅस्टिक! आमच्याकडे बादली टिकत नाही.

२० डिसेंबर
फत्तेसिंगच्या दुकानात. येलहंक्याच्या एअर फोर्स तळावरून रिटायर झाला, आता बंदुका विकतो. त्याने एक नवं देशी रिव्हॉल्वर आणि एक जुनं विलायती पिस्तूल समोर ठेवलं. दोन्ही कानाशी धरून नारळासारखी हलवली. पिस्तूल खुळखुळलं. हलकं काम! फत्तेसिंग म्हणाला, थोडं सैल असतं म्हणूनच धूळ गेली तरी चालतं. मला सांगतो! सैल विणीबद्दल तीस वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलोय. रिव्हॉल्वरवर अंगठा फिरवला. पोत उत्तम.

९ जानेवारी १९९६
सातवी फेरी. आज चहा आला नाही.

१५ जानेवारी
रिव्हॉल्वर घेतलं. निर्णय सर्वस्वी माझा. फत्तेसिंग एवढंच म्हणाला की आज घ्या, नाहीतर पुन्हा येऊ नका.

१६ जानेवारी
एक स्वल्प अडचण. दुकानात नेलं तर गिऱ्हाईक बिचकतं. घरी ठेवलं तर घर रिकामं सोडता येत नाही. चोरीला गेलं तर आधी लायसन्स जाणार, मग मी. तेव्हा तात्पुरता मीच घरी. दुकान धाकटा भाऊ शरच्चंद्र बघेल.

२ फेब्रुवारी
अठरावा दिवस. कपाटासमोर खुर्ची. शरच्चंद्र म्हणतो, विक्री वाढली. माझी शिस्त रुजली म्हणायची.

२५ फेब्रुवारी, रविवार
मुलीचा, काव्याचा रंगप्रवेश, म्हणजे रंगमंचावरचा पहिला नाच. नऊ वर्षं नाच शिकली पोर. सगळे पुढे गेले. मी कुलूप लावून जिना उतरलो. कपाट बंद केलं होतं ना? वर आलो. केलं होतं. उतरलो. किल्ली? वर आलो. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा साडेसात वाजले होते, मग बसलोच. तसंही मन लावून कल्पना केली की हॉलमधल्यापेक्षा नाच स्पष्ट दिसतो.
घरी आल्यावर काव्याने विचारलं, अप्पा, कुठे बसला होता? मागे, म्हणालो. ती म्हणाली, "पहिल्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवली होती. मला नाचताना सारखी तीच दिसत होती." मग घुंगरू सोडत राहिली. मी कपाट तपासून आलो.

२२ मार्च
इलेक्शन! लायसन्सवाल्यांनी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची. रांगेत पहिला मी. पावती खिशात टाकली आणि मल्लेश्वरमपर्यंत चालत गेलो. दोन डोसे खाल्ले. सरकारला सहकार्य केल्याचा आनंद, बाकी काही नाही.

२० मे
ठाण्यातून निरोप: निकाल लागले, घेऊन जा. पाठ दुखतेय.

२७ मे
दुसरा निरोप. पाठ.

६ जून
आज हवालदारच दारात. ठाण्यात गेलो. सब-इन्स्पेक्टरना सांगितलं, शनिवारी मुलीचा नाच आहे धारवाडला, सोमवारपर्यंत राहू द्या. ते म्हणाले, "स्वामी, तुम्ही एकाला सांभाळून थकलात. माझ्याकडे दोनशे आहेत." सही घेतली, रिव्हॉल्वर हातात दिलं.
घरी येऊन प्रेमाला गंभीरपणे सांगितलं, माझं तिकीट रद्द कर, मला यायचं फार होतं, पण कर्तव्य आहे.
ती म्हणाली, सरी, ठीक आहे, पण तिकिटं दोनच काढलीत. गेल्या महिन्यात.