त्याच कापडातला धागा

४ मार्च
रफू शिकायला पोचले एकदाची. खाली मावशीचं रफूचं दुकान, वर राहायचं. आईची ही थोरली बहीण. मान कायमची एका बाजूला झुकलेली, उजव्या गालात वर्षानुवर्षं कळा, म्हणून जेवण नुसतं पातळ. जीभ मात्र शाबूत. माझे टाके बघून म्हणाली, हे रफू आहे की कुंपण? मला आवडली.

११ मार्च
आज मुख्य धडा झाला. धागा बाहेरून आणायचा नाही, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा. परका कितीही जुळता घेतला तरी उघडा पडतो. दिवसभर मान खाली घालून बसावं लागतं, म्हणून दुपारी मावशी स्वतः तेल लावून माझी मान चोळून देते. एवढे लाड आईनेही केले नाहीत.

२ एप्रिल
उजवा गाल ठणकतोय. डोळ्यामागे कळ जाते. दंतवैद्यांनी दाढ काढली. दाढ गेली, दुखणं तिथेच. मावशी खुशीत आहे. उजव्या दाढेने कडाकडा काकडी खात होती.

१९ एप्रिल
फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, गाल बिचारा निर्दोष, चोर मानेत आहे. वरच्या मणक्यांतल्या नसा आणि चेहऱ्याच्या नसा आत एकाच जागी मिळतात, मग मेंदू फसतो आणि मानेचं दुखणं गालावर टाकतो. मावशीवरही पूर्वी त्यांनीच उपचार केलेत. नंतर माझा एक्स-रे उजेडाला धरला. चुकून मावशींचा जुना आणलात का, म्हणाल्या. तोच बाक, तोच सरकलेला मणका. त्यावर नाव माझं होतं.

२० एप्रिल
मावशीची मान सरळ झालीये. मी कशी पाहिली नाही? तोंडावर विचारलं. शिवण उसवता उसवता ती शांतपणे म्हणाली, परका धागा चालत नाही गं.

२१ एप्रिल
आईला फोन केला. गाल दुखतो, एवढंच सांगितलं. उजवा ना, तिने विचारलं. मी बाजू सांगितलीच नव्हती. मग ती रडत बसली. तिला माहीत होतं. माहीत असून पाठवलं मला.

२४ एप्रिल
मान वळत नाही. बॅग घेऊन निघाले — जिन्यातच कळ आली — मावशीनेच धरून वर आणलं.

२६ एप्रिल
माझी धाकटी बहीण आलीये. माझी काळजी घ्यायला म्हणून मावशीने बोलावून घेतलं. आईने पाठवलं — हिलाही.
मावशी तिला सांगतेय, प्रवासात मान आखडली असेल, ताईकडून चोळून घे. तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवलीये.
मी नाही म्हणणार. नाहीच म्हणणार — पण हा गाल —
ती पाठमोरी बसलीये. केस वर धरून. ताई, लवकर, म्हणतेय —
फक्त एकदा —