ऋताच्या शाळेचे काम मी हातात घेते

१२ मे, सोमवार
कुणालची नोकरी बदलली. ऑगस्टमध्ये आइंडहोवन सोडून फोरबर्गला जायचे. घर ठरले, पडदे ठरले, नातीची शाळा ठरलेली नाही. घराजवळच्या शाळेत वर्ग भरलेले आहेत म्हणे. तिथे जागा नाही मिळाली तर लांबची शाळा. मग ने-आण कोण करणार? मुलगा-सून दोघेही नोकरीवर, आणि माझा व्हिसा जुलैत संपतो. कुणालला विचारले, काय करतो आहेस? म्हणाला, होईल गं आई. ‘होईल’ हे काम नव्हे. मी शाळेत पर्यवेक्षिका होते, अर्ध्या पेठेचे प्रवेश माझ्या टेबलावरून गेले. आजपासून हे काम माझ्याकडे. महिनाअखेर प्रवेश पक्का.

१३ मे
वृंदाला शाळांचे निकाल विचारले. सूनबाईंनी लॅपटॉप उघडून दाखवला. सगळ्या शाळांपुढे एकच शेरा: समाधानकारक. पहिला नंबर कोणाचा? म्हणाली, आई, इथे नंबर नसतात. जिथे सगळ्याच शाळा समाधानकारक, तिथे काहीतरी लपवलेले असते.

१५ मे
ऋताची मुलाखतीची तयारी सुरू. जेवणानंतर एक तास. बारापर्यंत पाढे, ‘मायसेल्फ’वर दहा वाक्ये, रविवारी चाचणी. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते. हरकत नाही, उच्चार सुधारतील. वृंदा म्हणाली, आई, इथे सहा वर्षांच्या मुलांची मुलाखत घेत नाहीत. मी म्हटले, बाकीच्यांना तसेच सांगत असतील.

२० मे, मंगळवार
घराची मापे घ्यायला फोरबर्गला गेलो. कुणाल टेप धरून बसला. मी फिरून येते सांगून शाळेत गेले. फाटकावर शिपाई नाही. खरे म्हणजे फाटकच नाही. मुले चिखलात अनवाणी, एक मुलगी हातोडीने फळीत खिळे ठोकते आहे आणि कोणी ओरडत नाही! अर्ध्या चड्डीतला एक माणूस दिसला. त्याला सांगितले, मुख्याध्यापकांना बोलवा. तोच मुख्याध्यापक. म्हणाला, मला वाउटर म्हणा. मी म्हटले नाही.

अफस्प्राक आहे का, असे विचारले. म्हणजे अपॉइंटमेंट. नव्हती. चार जूनची दिली. जाता जाता बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला. आत नट्स आहेत का, विचारले. काजू आहेत म्हटल्यावर डबा दोन्ही हातांनी, अगदी नम्रपणे, परत केला.

लाडूही घेत नाही, म्हणजे माणूस स्वच्छ आहे. शाळा पक्की.

२३ मे
मराठी मंडळातल्या श्यामकांत देवस्थळींना फोन केला. फोरबर्गला पंधराएक वर्षे आहेत, वजन असणार. म्हटले, वाउटरकडे जरा शब्द टाका. खूप हसले. म्हणाले, मावशी, माझा मुलगा त्याच शाळेत होता, तरी वाउटर मला रस्त्यात ओळखत नाही. आणि ओळखलेच तर सायकलची घंटा वाजवून पुढे जातो. देवस्थळींना ओळख वाढवायचा आळस, दुसरे काय.

१ जून, रविवार
चाचणीत ऋताला वीसपैकी अकरा. सातच्या पाढ्याला जांभई. कडक बोलावे लागले. महिना उलटला, प्रवेश नाही. पण तो सरकारी विलंब.

४ जून, बुधवार
आम्ही चौघे शाळेत. वाउटर उकिडवा बसला आणि फक्त ऋताशी बोलला. पाढा विचारला नाही, मायसेल्फ विचारले नाही. तयारी वाया जाऊ नये म्हणून मीच इंग्रजीत सांगितले: रोज संध्याकाळी एक तास माझ्यापाशी अभ्यास, रविवारी परीक्षा. त्याचे पेन थांबले. कुणाल छताकडे पाहू लागला. वाउटरने ऋताला डचमध्ये हळूच काही विचारले. ती बराच वेळ बोलली. कुणाल आणि वृंदा हसले, मग एकदम गप्प झाले. मला कोणी सांगितले नाही. गाडीतही नाही.

छाप पडली आहे.

१० जून
ऋताच्या आइंडहोवनच्या शिक्षिकेचा वृंदाला फोन. वाउटरने तिच्याकडे चौकशी केली होती. ऋता वर्गात पेंगते, सोमवारी पोटात दुखते म्हणते. मी म्हटले, ब्रेडवर चॉकलेटचे दाणे घालून खाल्ल्यावर दुखणारच. कुणाल पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलला. आई, आता तू काहीही करू नकोस.

दिवसभर काहीही केले नाही. फक्त वाउटरला एक ईमेल केला: ऋता घरी मुळीच अभ्यास करत नाही, ती अगदी साधारण मुलगी आहे, कृपया प्रवेश द्यावा.

१७ जून, मंगळवार
प्रवेश मिळाला.

कुणालने एप्रिलमध्येच नाव दिले होते. प्रतीक्षायादीत ऋता पहिली. त्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील उट्रेख्तला चालले आहेत, त्यांचे काल नक्की झाले, जागा सुटली. चार जूनला फक्त ऋताला वर्ग दाखवायचा होता. मला का नाही सांगितलेस? म्हणाला, सांगितले होते, होईल म्हणून.

मग त्या दिवशी ऋता काय म्हणाली ते विचारले. वृंदाने सांगितले. वाउटरने विचारले होते, आजीचा अभ्यास तुला आवडतो का? ऋता म्हणाली, नाही. पण आजीला इथे एकही मैत्रीण नाही. म्हणून मी तिच्याशी शाळा-शाळा खेळते. ती टीचर झाली की खूश असते. आईबाबा, हसू नका, तिला वाईट वाटेल.

जेवण झाल्यावर ऋता आपण होऊन वही घेऊन आली, पाय पोटाशी घेऊन समोर बसली आणि सातचा पाढा सुरू केला. मी म्हटले, आज शाळेला सुट्टी. उठून पळाली नाही. वही मिटून माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारले, आजी, आर यू सिक?

नाही म्हटले. तिला पटले नाही. बसूनच राहिली. मग मीच म्हटले, बरे, सात एके.