पपईची पुंगळी

३० मार्च १९६२

आलो एकदाचे! अकोटहून एस.टी., मग बैलगाडी, शेवटी पुंजारामचा डोंगा. नोकरी काय, तर वर्धा नदीतल्या पट्टीवर पाणी किती चढलं-उतरलं ते पाहायचं आणि वर कळवायचं. मनकर्णा म्हणाली, सरकारले दुसरे धंदे नाहीत का? पण घर पक्कं आहे, परसात पपया लगडल्यात, दारासमोर नदी. आमची लली नऊ वर्षांची, बोलायला लागली की रेडिओ बरा. आल्याबरोबर तिनं नावाड्याला, म्हणजे पुंजारामला, इतके प्रश्न विचारले की तो वल्हवायचं विसरला.

८ एप्रिल, रविवार

आज सहकुटुंब सहल. पुंजारामनं नदीतली बेटं दाखवली. शेवटच्या बेटावर त्याची डांगरवाडी, तिथं टरबूज फोडलं, भाकरी-ठेचा खाल्ला. मी डब्याच्या तळाला काच बसवून आणली होती, त्यातून पाण्याखालची मासोळी न् मासोळी दिसत होती. पुंजारामनं त्याहून भारी युक्ती सांगितली. पपईच्या पानाचा पोकळ देठ, म्हणजे पुंगळी, तोंडात धरायचा, दुसरं टोक पाण्यावर ठेवायचं आणि खाली बसून खुशाल श्वास घ्यायचा. पण नावाड्यांच्यात नियम आहे. वरच्यानं पुंगळीत फुंकायचं, खालच्यानं उलट फुंकायचं, मग त्यानं पुंगळी घेऊन आपलं आपणच वर यायचं. सगळे वर आले की पुंगळी मोडायची. पाण्यातल्याचा हात धरून ओढायचं नाही, हे त्यानं दोनदा बजावलं.

लली खाली बसली ती बसलीच. ऊन उतरलं. मी फुंकलं, उलट फुंक आली, पण पोट्टी काही येईना. मी आहे तापट. घातला हात पाण्यात, हात सापडला, ओढली वर. पुंगळी तिथंच उभी राहिली. म्हटलं, राहू दे, पपईचा तर देठ. पुंजाराम तिकडे डोंग्यात टरबुजं भरत होता.

परतताना लली गप्प. दमली असेल.

११ एप्रिल

ललीची वेणी वाळत नाही. या उन्हात कुरड्या दुपारपर्यंत खडखडीत होतात, आणि हिच्या वेणीतून अजून थेंब गळतात. बोलत नाही. पाणी पीत नाही. मनकर्णा म्हणते, पोरगी बोलली तरी तुमाले तरास, नाही बोलली तरी तरास.

१४ एप्रिल

जयंती. मागच्या वर्षी अकोटच्या विहारात ललीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आज वंदनेला तिचे ओठ नुसते हलले.

संध्याकाळी मी चहावर फुंकर घातली. ती खोलीच्या त्या टोकाला पाठ करून बसली होती. तिनं उलट फुंकलं.

१५ एप्रिल

बेटावर गेलो. पुंगळी तशीच उभी. पिवळी पडली आहे. वर तळहात धरला— ऊन वाफ. आत, बाहेर. मी फुंकलं. उलट फुंक आली.

खाली उतरून चाचपलं. वाळू, दगड, देठ. दुसरं काहीच हाताला लागत नाही. मी रडलो.

पुंजारामला सगळं सांगितलं. त्यानं वल्हं खाली ठेवलं. मग म्हणाला, "साहेब, तुमी हात कोनाचा धरला?"

उपाय विचारला. म्हणे, हे करू नये एवढंच आमच्या बापानं सांगितलं, झाल्यावर काय करावं ते नाही सांगितलं.

१७ एप्रिल

मनकर्णेला सांगितलं. तिनं पोरीला पोटाशी घट्ट धरलं. म्हणाली, डोकं फिरलं तुमचं. तिला काय दोष द्यावा? आई आहे. तिचं लुगडं पुढून ओलं झालं होतं.

१९ एप्रिल

बेटावरच हाओ. वर कुठं अवकाळी पाऊस पडला, पट्टीवर पाणी चढून राहिलं. हे मले कळवायचं असते. कोणाले कळवू?

देठ मऊ पडला. उपटावा तं श्वास तुटते. पुंगळीत म्हटलं, लले, मी हाओ इथंच. लय उशिरानं खालून आलं— बाबा.

२० एप्रिल

शेंड्याच्या बोटभर खाली पाणी. घरून आणलेला ताजा देठ वर बसवला. डाव्या हातानं जोड धरला, दगडावर वही ठेवून लिहून राहिलो. कोणाले तं कळू दे—

डोंगा आला. मनकर्णा हाय. ते ओल्या वेणीची पुढं बसली हाय.

मनकर्णा म्हणते, घरी चला. हात सोडता येत नाही मले. पुंजाराम खाली पाहून राहिला—

ते पाण्यात उतरली. पहिल्यांदा बोलली. ललीचाच आवाज.

"सगळे वर आले ना, बाबा? मंग मोडाची ना पुंगळी?"

पोरगी बोलली म्हणून मनकर्णा आनंदानं रडून राहिली. मी ओरडलो, धर तिले. कोणी धरत नाही—

माह्या हातावर तिचा हात. थंडा. खालून फुंक येऊन राहिली, जोरानं, लली, मी हाओ, मी सोडत ना