तिच्या वाट्याचं वर्ष

छत्रपती संभाजीनगर,
८ फेब्रुवारी

प्रिय करुणा,

तू सांगितलेली उस्मानपुऱ्यातली खोली मी अजून पाहिलेली नाही. तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी "या रविवारी जाते" म्हणाले. रविवार आले नि गेले, मी घरातच होते. तुला घाई आहे हे कळतं. पुढच्या महिन्यात सोमनाथचं वर्षश्राद्ध उरकलं की लेकीला, सोनियाला घेऊन कन्नडचं सासर सोडायचं, इथं राहायचं आणि तिथल्या तुझ्या शाळेच्या नोकरीसाठी रोज एसटीनं जा-ये करायची, असं तू ठरवलं आहेस. "ज्या माणसानं मला न विचारता माझ्या वतीनं नाही म्हटलं, त्याच्या घरात मी राहणार नाही," हे तुझं वाक्य. तीन आठवडे तू सासऱ्यांशी एक शब्द बोललेली नाहीस. ते तुलाही जड जात असणार, कारण तात्यासाहेबांचं नाव घेताना तू आवाज उगाच चढवतेस. खोली का पाहिली नाही ते सांगायचं आहे, पण त्याआधी बोटीबद्दल लिहावं लागेल. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी बोलता बोलता स्वतःला सावरून घेते. लिहिताना ते तितकंसं जमत नाही.

तर बोट. मुंबईहून निघायचं, तीन दिवस समुद्रात फिरायचं आणि पुन्हा मुंबईलाच उतरायचं. आपला 'लोखंडी पूल' बँड इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र वाजवणार, सोबत आणखी चार बँड, आणि बोटभर त्यांचे चाहते. चढल्या चढल्या आम्हा सगळ्यांना नारिंगी लाइफ जॅकेट घालून डेकवर रांगेत उभं केलं. बोट बुडायला लागली तर कुठं जमायचं, याची ती तालीम. आजूबाजूला पाहिलं तर बहुतेक सगळे आपल्याच वयाचे. पोटावर ताणलेले काळे टीशर्ट, त्यावर ते जॅकेट. एका गृहस्थानं गुडघ्याला पट्टा बांधला होता आणि बायको त्याला बजावत होती, "उड्या मारायच्या नाहीत, आत्ताच सांगून ठेवते." तो म्हणाला, "अगं, ऑपरेशन डाव्याचं झालंय. उजव्यावर मारीन." मला हसू आलं, हे करुणाला सांगायला हवं असं मनात आलं आणि लगेच आठवलं की सांगता येणार नाही. तुझ्या लेखी मी ग्रंथपालांच्या परिषदेला मुंबईला गेले होते.

तुला आठवतं, टेपरेकॉर्डर लोखंडी बादलीत ठेवला की ड्रम जास्त घुमतात, हा शोध तुझा. होस्टेलच्या सगळ्या मुली आंघोळीला बादली शोधत फिरायच्या आणि ती आपल्या खोलीत गाणं म्हणत असायची. मग 'लोखंडी पूल' आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला आले, तिसऱ्या गाण्याला मैदानातली वीज गेली आणि परत आलीच नाही. ते बिचारे अंधारात वायरी गुंडाळत असताना तू स्टेजपाशी जाऊन म्हणालीस, "उरलेली कधी वाजवणार?" गायक म्हणाला, "येऊ की पुन्हा." पुढं दोन वर्षांत बँडच मोडला. तुझं लग्न झालं, तू कन्नडला गेलीस, कॅसेट तुझ्यासोबत गेली. सोमनाथनं ती पहिल्यांदा ऐकली आणि म्हणाला, "पत्र्यावर गारा पडल्यागत वाजतंय हे." पण ट्रॅक्टरवर तीच लावायचा. तुमच्या शेताशेजारचा माणूस तक्रार घेऊन आला होता, म्हशी आटतील म्हणून. इतकं हसलेला सोमनाथ मला दुसरा आठवत नाही.

उरलेली गाणी मी बोटीवर ऐकली. दुसऱ्या दिवशी, ऊन उतरायला लागलं तेव्हा, पोहण्याच्या तलावाशेजारी स्टेज होतं तिथं. तुला वाटेल मी रडले असेन, पण तसं काही झालं नाही. गायक उंच स्टुलावर बसून गात होता. वरचे सूर तो आमच्याकडून गाऊन घेत होता, माइक आमच्याकडे करून, जणू प्रेमानं. पण आवाज पोचत नाही हे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे आपणहून जास्त जोरात गात होते. ते चांगलं होतं. मी मात्र टाचेवरचा भार बदलत उभी होते. पायाखालून बेस यायचा, बोट हलायची, गोळी घेऊनही मळमळत होतं, आणि आता किती गाणी राहिली असतील याचा मी हिशेब करत होते. पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली त्याच्या मध्यभागी उभं राहून माणसाला फक्त बसावंसं वाटतं, याला वय म्हणावं की आणखी काही, हे मी तिथंच स्वतःला विचारत होते. आता मला वाटतं, मी तिथं गाण्यांसाठी गेलेच नव्हते.

खोल्या दोघांच्याच होत्या, म्हणून माझ्या खोलीत दोन खाटा होत्या. झाडलोट करणारा माणूस रोज टॉवेलचे प्राणी करून ठेवायचा, एका खाटेवर हत्ती, दुसरीवर ससा. त्या खाटेवर कोणी झोपत नाही हे त्याला दिसत होतं, तरी रोज चादर बदलून तो तिथंही काहीतरी ठेवायचा. खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहिते: ती रिकामी खाट पाहून मला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं.

गाण्यांच्या त्याच संध्याकाळी गर्दीत कोणीतरी "यमे!" म्हणून हाक मारली. सांडू. पिशोरचा, आपल्या वर्गातला, गॅदरिंगला ड्रम वाजवणारा. आता त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. "सोळा बॉक्स लावलेत," तो मला कानात ओरडून सांगत होता, "पर बेस सगळा समिंदरात चाललाय. आमच्या पिशोरच्या लग्नात याच्यापेक्षा छातीत बसतो." मग त्यानं माझ्या मागं, बाजूला पाहिलं. "दुसरी कुठंय? करुणाला सोडून तू आलीस व्हय?" मला म्हणता आलं असतं की मी तिला विचारलंच नाही. एवढंच वाक्य होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "सोमनाथला अजून वर्ष झालं नाही ना. तिच्या सासऱ्यांनी नाही म्हटलं." सांडूनं कपाळावर हात मारला. "तात्यासाहेब? लई कडक निघालं की म्हातारं!" त्यानं आमच्या दोघांचा फोटो काढला. तिसऱ्या दिवशी किनारा जवळ येऊन फोनला रेंज मिळाली, तसा तो फोटो आपल्या वर्गाच्या ग्रुपवर गेला, खाली त्याचं वाक्य: करुणा, तुझ्या सासऱ्यानं सोडलं असतं तर तू बी यात असतीस.

मी धक्क्यावर बॅग शोधत होते तेव्हा तुझा फोन आला. परिषदेचं विचारशील म्हणून मी घाबरले होते, पण तू तिकडं वळलीच नाहीस. तू एकच विचारलंस, "तात्यांनी खरंच नाही म्हटलं?" मी म्हणाले, हो, डिसेंबरात कन्नडला आले होते ना, तेव्हा. तुला आणखी त्रास नको म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्यांदा सांगताना ते किती सोपं गेलं! दुसऱ्या दिवशी तू मला सांगितलंस की तू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिलीस, "तुम्ही नाही म्हणालात?" असं विचारलंस, आणि ते वर न बघता म्हणाले, "व्हय. म्हणलो मी."

तो "व्हय" ऐकल्यापासून मला झोप नीट नाही.

आता अवघड भाग. सोमनाथ गेल्यापासून तू रोज साडेसातला फोन करतेस. पहिल्यांदा मीच म्हणाले होते, रोज कर, वेळ बघू नकोस. मनापासून म्हणाले होते. पण माझ्या डायरीत त्याच महिन्यांच्या नोंदी आहेत, आणि डायरीत मी खोटं लिहीत नाही, हा माझा एक जुना गर्व. जून: करुणाचा फोन, पन्नास मिनिटं. ऑगस्ट: करुणाचा फोन, पुन्हा तेच, सकाळी सोमनाथला अॅसिडिटी झाली असं वाटलं होतं, दवाखान्यात नेलं असतं तर. ऑक्टोबर: फोन वाजत असताना नळ सोडला आणि ऐकू आलं नाही असं स्वतःला सांगितलं. मी थकले होते, करुणा. तुझ्यामुळं नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. तुझ्यामुळंही. दिवसभर ग्रंथालयात माणसांशी हळू आवाजात बोलून घरी यायचं आणि साडेसात वाजायची वाट पाहायची. बोटीची जाहिरात पाहिली तेव्हा पहिला विचार तुझा आला, आणि दुसरा असा, की तीन दिवस तिथं रेंज नसेल.

पण तुला वगळून जाणंही मला जमेना. मग मी एक वाट काढली, आणि ती वाट किती आपल्याकडची आहे, याची मला आता लाज वाटते. वर्षाच्या आत तुमच्या घरात सण नाही, तळण नाही; दिवाळीचा फराळ मीच डब्यातून घेऊन आले होते. अशा घरातल्या सुनेला गाण्याच्या बोटीवर न्यायचं तर आधी मोठ्यांना विचारावं, रीत आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तुला आधी विचारायचं मनातही आणलं नाही. या रीतींना मी एरवी किती नावं ठेवते, तुला माहीत आहे. मला परवानगी नको होती. मी कन्नडला नकार मागायला आले होते.

तू शाळेत होतीस. तात्यासाहेब ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं, बोट, गाणी, तीन दिवस, आणि शेवटी त्यांच्या तोंडात शब्द ठेवावा तसं म्हणाले, "पण वर्ष झालेलं नाही, तुम्हाला नाही आवडणार, मला कल्पना आहे." ते बराच वेळ शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "वर्षाचं काय घेऊन बसलीस, पोरी. तिच्या वाट्याचं वरीस मी पाळतो. तू तिला घेऊन जा. हसंल तरी दोन दिस." आणि लगेच, "पर तूच विचार तिला. मी सांगितलं तर तिला हुकूम वाटंल."

तू साडेपाचला आलीस. आपण चहा घेतला. तू सोनियाच्या परीक्षेचं बोललीस, मी ग्रंथालयात वाळवी लागल्याचं बोलले. तात्यासाहेब दारातून दोनदा माझ्याकडे बघून गेले. मी शेवटच्या एसटीच्या आधीच्या एसटीनं परत आले.

परवा तू शाळेत असताना मी त्यांना फोन केला. तुम्ही "व्हय" का म्हणालात, म्हणून विचारलं. मी हे विचारतानाही रडून मोकळी होईन अशा तयारीत होते, पण ते मला तशी सोय देणारे नाहीत. ते म्हणाले, "हे बघ, सासऱ्याशी न बोलणाऱ्या सुना लई पाहिल्यात. त्यानं माणूस मरत नाय. पर माझं पोरगं गेल्यापासून ती सांजच्याला तुला फोन करती तेवढ्यातच मोकळी बोलती. भिंतीपलीकडनं आवाज येतो मला. तू खोटी निघालीस असं कळलं असतं तर तो फोन बंद झाला असता. मग तिनं कुणाशी बोलायचं?" मी म्हणाले, पण ती घर सोडून चालली आहे, सोनियाला घेऊन. "ते बी कळलंय मला," म्हणाले. "तू नको सांगूस तिला. शपथ हाय."

ती शपथ मी हे लिहून मोडते आहे. करुणा, तात्यासाहेब नाही म्हणाले नव्हते. तुझ्या वतीनं नाही मी म्हटलं. तुझा जो आवाज ऐकून मी नळ सोडत होते, तो तुझा आवाज थांबू नये म्हणून त्या माणसानं स्वतःची नात घराबाहेर जाऊ द्यायची तयारी केली आहे. खोली मी यासाठी पाहिली नाही. हे वाचूनही तुला कन्नड सोडायचं असेल तर सोड, खोली मी शोधून देईन, पण ते त्यांच्यामुळं नसावं. पत्र पोचेल त्या दिवशी साडेसातला फोन आला नाही तर मी समजेन. आला तर उचलीन, आणि थकलेली असले तर थकले आहे असं तुला सांगेन.

तुझीच म्हणायचं की नाही, हे आता तू ठरवायचं,
यमुना